कातडी शाबूत तर जंतू बाहेर: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत त्वचेबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त होते. कुणाची बोटं कापूस वेचून फाटलीत, तर कुणाच्या वडिलांना मधुमेह असून अनवाणी तुळजापूरला जायचंय. त्वचारोग आणि जखमा यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून निवडक पत्रांची उत्तरं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: मी आठवीला विज्ञान शिकवते. ‘त्वचा हे शरीराचं पहिलं संरक्षण’ एवढं एक वाक्य सांगून पुढं जावं लागतं, पण मुलं अडवतात. हातावर कायम जंतू असतात हेही आपणच सांगतो. मग ते आत का शिरत नाहीत?
*(शिक्षिका, सेलू, जि. परभणी)*

उत्तर: मुलांची शंका रास्त आहे. त्वचा नुसती आडवी उभी नसते, ती एकाच वेळी चार-पाच कामं करत असते, आणि ती कामं सांगितल्याशिवाय ते एक वाक्य पोकळच राहतं.

सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा. चपट्या, केराटिननं (नखं-केस ज्याचे बनतात त्या चिवट प्रथिनानं) भरलेल्या, साधारण १५ ते २० पदरांत एकावर एक बसलेल्या. दंडावर किंवा पोटावर हा सगळा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षा जाड नसतो, तळपायावर मात्र कितीतरी पट जाड असतो. पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजवलेल्या असतात, जुन्या वाड्याच्या भिंतीत दगडांमध्ये चुना भरलेला असतो तशा. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे घेते, आणि गळताना तिच्यावर चिकटलेले जंतूही घेऊन जाते.

हा वरचा थर बराचसा कोरडा असतो, आणि जंतूंना वाढायला ओल लागते. शिवाय तो आम्लधर्मी असतो. घामातलं लॅक्टिक आम्ल आणि त्वचेच्या तेलातून सुटणारी मेदाम्लं यांमुळे त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; सातच्या खाली आम्लधर्मी) ४.५ ते ५.५ च्या आसपास राहतो. रोग करणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना हे मानवत नाही. घामात तर जंतूंना मारणारं एक प्रथिनही असतं. डर्मसिडिन हे त्याचं नाव, आणि २००१ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी ते जगापुढं आणलं.

मुलांना सर्वांत जास्त आवडेल तो भाग पुढचा. हातावरचे सगळे जंतू शत्रू नसतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जिवाणू जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर कायम वस्तीला असतो. तो जागा आणि अन्न अडवून ठेवतो, शिवाय केसतोड करणाऱ्या त्याच्याच भाऊबंदाला, म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियसला, रोखणारे पदार्थ बनवतो. मेलेल्या पेशींच्या खालच्या थरात लांब फाटे असलेल्या लँगरहान्स पेशी पहाऱ्यावर असतात. पॉल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १८६८ मध्ये त्या पाहिल्या तेव्हा त्याला त्या मज्जापेशी वाटल्या होत्या. प्रत्यक्षात त्या आत आलेल्या जंतूचा तुकडा उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात. पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं. ती गाठ म्हणजे तिथल्या ग्रंथीत सुरू झालेली लढाई.

आता थेट उत्तर. बहुतेक जंतूंना शाबूत कातडीला भोक पाडता येत नाही. त्यांना खरचटलेली, भेगाळलेली किंवा भिजून मऊ पडलेली जागा लागते. याला अपवाद आहेत. अंकुशकृमीची अळी मैला मिसळलेल्या ओल्या मातीतून धडधाकट तळपाय भेदून आत जाते. उघड्यावर शौचाला बसू नये आणि शेतात चप्पल घालावी यामागचं हे एक कारण मुलांना जरूर सांगा.

वर्गात एक प्रयोगही करता येईल. दोन सफरचंदं धुऊन पुसून घ्या. दोन्हींना अंगणातली ओली माती चोळा, पण एकाला आधी सुईनं आठ-दहा ठिकाणी टोचा. वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि आठवडाभर रोज पाहू द्या. टोचलेल्या जागांभोवती कुज आधी धरते. पिशव्या न उघडता टाकून द्या.

प्रश्न: दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते. वाळलेल्या बोंडाची टोकं लागून बोटांना रोज ओरखडे पडतात, दिवाळीनंतर थंडीत चिरा पडतात. नखाच्या कडेला दोनदा पिकून सुजलं. घरी आल्यावर भांडी, धुणं असतंच. काय करावं?
*(शेतकरी महिला, परतूर, जि. जालना)*

उत्तर: ताई, तुमच्या हातांवर दोन मारे होतात: शेतात टोचणं आणि घरी साबण. त्यातला दुसरा जास्त नुकसान करतो. वरच्या थरातलं पाणी १० टक्क्यांच्या खाली गेलं की कातडीची लवचीकता संपते आणि बोट वाकवलं तरी चीर पडते. धुण्याची पावडर फटींमधले स्निग्ध पदार्थ ओढून नेते आणि आम्लता घालवते. नुसता ओरखडा एरवी दोन-तीन दिवसांत बुजला असता, पण अशा हातावर तो उघडाच राहतो.

वेचताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या शेवटच्या पेराला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. मेडिकलमध्ये रुंद पट्टीचा रोल मिळतो. वेढा घट्ट नको, बोटाचं टोक निळसर व्हायला नको. पूर्ण हातमोज्यात कापूस नीट धरता येत नाही म्हणून बायका तो काढून टाकतात. पट्टी टिकते. दुपारी घामानं ओली झाली की बदला, ओल्या पट्टीखाली कातडी भिजून पांढरी पडते.

संध्याकाळी कोमट पाण्यानं हात धुवा, कढत पाण्यानं नको. साबण फक्त मळलेल्या जागी लावा. टिपून घेतल्यावर हात किंचित ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा, म्हणजे ओल आत अडकून राहते. वाळलेल्या हातावर फासलेल्या व्हॅसलीनचा निम्माही उपयोग होत नाही. चिरेत व्हॅसलीन भरून रात्री जुने सुती मोजे हातात घातले तर चार-पाच रात्रींत फरक दिसतो. भांडी-धुण्याला रबरी हातमोजे वापरा आणि आतून घाम सुटला की काढून वाळवा.

नखाच्या मुळाशी एक पातळ कातडी नखाला चिकटलेली असते. नख आणि बोट यांच्यामधला सांधा तीच बंद ठेवते. ती कुरतडली, ओढली किंवा मागं ढकलली की नखुरडं होतं. नुसती लाली आणि ठणका असेल तर कोमट पाण्यात बोट १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बुडवा. पू दिसू लागला, किंवा एका दिवसात ठणका वाढून झोप लागेना, तर डॉक्टरकडून छोटा छेद घेऊन पू काढावा लागतो. घरी सुईनं फोडलं तर पू खोल जाऊन पेराच्या गाभ्यात शिरू शकतो, आणि मग बोट वाचवायला शस्त्रक्रिया करावी लागते.

प्रश्न: आमच्या टोळीत दर हंगामात कोयत्यानं कुणाचं तरी बोट नाहीतर नडगी कापते. कुणी हळद भरतं, कुणी तंबाखू, कुणी दगडी पाल्याचा रस पिळतं. कोपीवर दवाखाना जवळ नसतो. नेमकं काय करावं?
*(ऊसतोड मुकादम, धारूर, जि. बीड)*

उत्तर: आधी रक्त थांबवा. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहातानं सलग १० मिनिटं दाबा आणि हात-पाय उंच धरा. मध्येच उघडून बघायचं नाही, कारण बघितलं की धरलेली गुठळी निघते. बोटाला दोरी किंवा तार आवळू नका.

रक्त थांबलं की धुवा. संसर्ग टाळण्यात सगळ्यात मोठा वाटा या धुण्याचा आहे, औषधाचा नाही. जे पाणी पिता तेच वापरा. लांबीच्या दर सेंटिमीटरमागे ५० ते १०० मिली पाणी धरा, म्हणजे तीन-चार सेंटिमीटरच्या जखमेला अर्धा लिटरचा तांब्या कमीत कमी. तांब्यातून धार धरून ओता, परातीत पाय बुडवू नका, नाहीतर तीच घाण परत आत जाते. उसाच्या पानाचं कुसळ, माती, पाचटाचा तुकडा राहू देऊ नका. साबण आजूबाजूच्या कातडीला लावा. जखमेच्या आत स्पिरिट ओतू नका, त्यानं जंतूंबरोबर भरून यायला निघालेल्या पेशीही मरतात. पोव्हिडोन आयोडीनचं मलम पातळसर लावून स्वच्छ पट्टी बांधा. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा आजार असेल तर नुसतं व्हॅसलीन चालेल. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच.

हळदीत जंतूंना रोखणारा घटक आहे हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, त्यामुळे लोकांचा विश्वास निराधार नाही. अडचण डब्यातल्या पुडीची आहे. ती निर्जंतुक नसते. उकडून, मोकळ्या खळ्यावर वाळवून, दळून आलेल्या पुडीत मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, मग ती वसमतची उत्तम हळद का असेना. भरलेली पूड जखमेत परकी वस्तू म्हणून राहते आणि टाके घालताना डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते. चुरगळलेला पाला आणि तंबाखू यांचंही तेच. शेण, राख आणि माती तर मुळीच नको, धनुर्वाताचे बीजाणू त्यांतच असतात.

धनुर्वाताचा जिवाणू हवा न पोचणाऱ्या जागी वाढतो, म्हणून उघड्या रुंद जखमेपेक्षा खोल, अरुंद, मातीनं भरलेली जखम जास्त धोक्याची. आधीच्या लशी पूर्ण झालेल्या असतील आणि जखम मळलेली असेल, तर शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असल्यास एक डोस घ्यावा. स्वच्छ किरकोळ जखमेला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. दर खरचटण्याला इंजेक्शन घेत बसू नये. ज्यांनी लस कधीच घेतली नाही किंवा आठवत नाही, त्यांना मळलेल्या खोल जखमेला लशीसोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते सरकारी रुग्णालयात विचारा. आणि धनुर्वाताचं कुठलंही इंजेक्शन पू होणं थांबवत नाही. ‘टीटी घेतलं’ म्हणून धुणं टाळलं, तर जखम पिकणारच.

जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. टाके सहा ते आठ तासांच्या आत पडलेले बरे. घरी ठेवलेल्या जखमेभोवतीच्या लालीच्या कडेवर पेननं रेघ मारा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, लाल पट्टा वर चढू लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर वाट बघू नका.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी हा समजही सोडायला हवा. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमांवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं पसरते. खपली आली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढावी लागते.

कुत्रा चावला तर गोष्ट वेगळी: साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजच्या लशीसाठी निघा.

प्रश्न: बोअरचं पाणी जड आहे. अंगावर पुरळ येतं म्हणून आम्ही रोज बादलीत जंतुनाशक टाकतो आणि दोनदा साबण लावतो. तरी खाज वाढतेय.
*(वाचक, औसा, जि. लातूर)*

उत्तर: ‘तरी’ वाढत नाही, त्यामुळेच वाढते. नेहमीच्या साबणवडीचा सामू ९ ते १० असतो. एकदा अंग धुतलं की त्वचेला आपली आम्लता परत मिळवायला काही तास लागतात, तेवढ्यात तुम्ही दुसऱ्यांदा लावता. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तो अंगावरच वाळतो आणि खाजवतो. बादलीतलं जंतुनाशक तर वस्तीच्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. ते आजच बंद करा. साबण काख, जांघा आणि पाय एवढ्यालाच लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरे. दोन आठवड्यांत खाज कमी झाली नाही, रात्री वाढत असेल, किंवा घरात आणखी कुणाला खाज असेल, तर खरूज आहे का ते तपासून घ्या.

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह. टाचांना भेगा आहेत, पण ‘दुखत नाही’ म्हणतात. कोजागरीला अनवाणी तुळजापूरला जायचा त्यांचा नेम आहे. थांबवावं का?
*(मुलगा, निलंगा, जि. लातूर)*

उत्तर: तुमच्या पत्रातला ‘दुखत नाही’ हा शब्दच आम्हाला सगळ्यात जास्त काळजीचा वाटला. भेग असून दुखत नाही, याचा अर्थ पायाच्या नसा बधिर झाल्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच नसा घामग्रंथी चालवतात. त्या मंदावल्या की तळपाय कोरडा पडतो आणि भेगा वाढतात. वर साखर जास्त राहिली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचं बळ कमी होतं, आणि पायाचा रक्तपुरवठाही आखडलेला असू शकतो. कातडी फुटली, फुटल्याचं कळलं नाही, आणि आत गेलेल्या जंतूशी लढायला पुरेशी कुमक नाही. या तीन गोष्टी एकत्र येतात तेव्हा पाय गमवावा लागतो.

निघण्याआधी डॉक्टरकडे नेऊन १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूनं तळपायाची तपासणी करून घ्या आणि पायाच्या नाड्या पाहायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. तंतू टेकलेला कळत नसेल, तर अनवाणी जाऊ नये, हे आम्ही निःसंकोच सांगतो. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या डांबरावर फोड येतील आणि त्यांना ते समजणारही नाही. वडिलांच्या श्रद्धेचा मान ठेवून मार्ग निघतो: रस्त्यानं मऊ एमसीआर (सच्छिद्र रबर) तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल किंवा सुती मोज्यांवर बूट, आणि देवळाच्या पायऱ्यांशी ते काढून स्वच्छ मोज्यांवर दर्शन. पायताण नवं असेल तर महिनाभर आधी घ्या, संध्याकाळी घ्या (तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात) आणि घरात रोज तासभर घालून सवय करा.

भेगांसाठी आता रोज रात्री पाय कोमट पाण्यानं धुवा. पाणी तुमच्या हातानं किंवा कोपरानं पाहा, त्यांच्या पायानं नको. भिजत घालू नका. टिपून १० ते २० टक्के युरिया असलेलं मलम टाचेला आणि तळव्याला लावा, बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नका, तिथं ओल राहिली की बुरशी धरते. ब्लेडनं किंवा खरखरीत वज्रीनं टाच तासू नका. कुरूप घालवायच्या आम्लाच्या पट्ट्याही वर्ज्य. तळवा रोज बघायचा. त्यांना वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा तुम्ही बघा. वाटेत मुक्कामाला प्रत्येक रात्री हेच. फोड आला तर फोडू नका, झाका आणि चालणं थांबवा.

प्रश्न: रात्रीची लाईट असते, चिखलात उभं राहून पाणी द्यावं लागतं. बोटांत चिखल्या झाल्यात आणि जांघेत नायटा. दुकानातलं एक मलम लावलं की दोन दिवसांत खाज जाते, पण पुन्हा येतो, आता मोठा झालाय.
*(शेतकरी, मुखेड, जि. नांदेड)*

उत्तर: ते मलम बंद करा आणि ट्यूबवरची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेटासोन लिहिलं असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली हे तुमच्या शरीराच्या प्रतिकाराचे परिणाम असतात. स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं आणि बुरशी निर्धास्त पसरते. महिनोन्महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे चट्टे पडतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात, तरी सर्रास हातात मिळतात, आणि आज नायटा चिवट होण्यामागं याचा मोठा हात आहे.

त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तुमच्यासारख्या पसरलेल्या नायट्याला अनेकदा गोळ्याही लागतात, त्याही मनानं घ्यायच्या नाहीत. दिलेलं मलम नायट्याच्या कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे लावत राहा. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा, उन्हात उलटे वाळवा. घरात कुणाला नायटा असेल तर उपचार सगळ्यांचे एकदम व्हायला हवेत.

चिखल्यांची उपेक्षा करू नका. शेवटच्या दोन बोटांमधली ती पांढरी, भिजलेली भेग पुढं गुडघ्यापर्यंत पाय सुजवणाऱ्या संसर्गाचा दरवाजा ठरते. गमबूट वापरा, पण घरी आल्यावर आतून पुसून उलटे टांगा. पाय धुऊन बेचक्या सुती कापडानं एकेक करून टिपा आणि झोपताना प्रत्येक बेचकीत कोरड्या सुती कापडाची छोटी घडी ठेवा. जाडजूड क्रीम तिथं लावू नका.

प्रश्न: सूनबाई बाळंत होणार आहे. बाळाला लगेच आंघोळ, पिठाच्या गोळ्यानं लव काढणं, बेंबीला हळद-तेल या आमच्याकडच्या रीती. दवाखान्यात नको म्हणाले.
*(आजी, कळमनुरी, जि. हिंगोली)*

उत्तर: आजी, दवाखान्यातल्यांनी बरोबर सांगितलं. जन्मताना बाळाच्या त्वचेला मोठ्यांइतकी आम्लता नसते, ती पुढच्या दिवसांत हळूहळू येते. अंगावरचा पांढरा चिकट थर तोवर जंतूंपासून राखतो आणि ऊबही धरतो, म्हणून तो घासून काढू नका. पहिली आंघोळ २४ तासांनंतर. पिठाचा गोळा घासल्यानं डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. लव आपोआप गळते. महिन्याभरानं हलक्या हातानं खोबरेल तेल लावायला हरकत नाही.

नाळेला काहीच लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही, काजळ नाही. ती कोरडी आणि लंगोटाच्या बाहेर ठेवा, साधारण एक ते दोन आठवड्यांत गळते. बेंबीभोवती लाली चढली, घाण वास आला, अंगावर दहा किंवा जास्त पुवाच्या पुळ्या दिसल्या, किंवा बाळ अंगावर ओढेनासं झालं, तर रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करून बाळाला रुग्णालयात न्या, आणि नेताना आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला.